कार्बोरेटरनंतरची पंचवीस वर्षे: खानदेशातील जुन्या मोटारींच्या सेन्सर-निदानाचा मागोवा

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली, तेव्हापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील पेट्रोल मोटारींची दुरुस्ती प्रामुख्याने कार्बोरेटरभोवती फिरत होती. कार्बोरेटर म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून घेऊन दोहोंचे मिश्रण करणारे यांत्रिक साधन असल्यामुळे त्याचा बिघाड डोळ्यांना दिसत असे आणि कानांना ऐकू येत असे. प्लग काढून त्याचा रंग पाहिला की निम्मे निदान होई: काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी आणि कॉफीसारखा असेल तर मिश्रण योग्य. पॉइंटची फट, चोकची तार आणि मिश्रणाचा स्क्रू एवढ्या सामग्रीवर पोसलेले हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जात होते आणि ते ज्ञान पुढच्या काळातही टाकाऊ ठरले नाही, हे आरंभीच नोंदविले पाहिजे.

बदलाचे कारण दिल्लीत घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशाने राजधानी परिसरात युरोपीय धर्तीची धूरमानके लागू झाली आणि १ एप्रिल २००० पासून ‘इंडिया २०००’ ही मानके देशभर आली. त्याआधी दोनच महिने, फेब्रुवारी २००० पासून, देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले होते. या दोन घटना एकमेकींशी जोडलेल्या आहेत, कारण शिशामुळे धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक साधन आणि धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हे दोन्ही निकामी होतात. त्यानंतर रूढ झालेल्या एमपीएफआय पद्धतीत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी स्वतंत्र इंजेक्टर असतो आणि किती पेट्रोल सोडायचे हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, ठरवितो. ईसीएमला स्वतःला काहीच दिसत नाही. पाण्याचे तापमान, थ्रॉटलची स्थिती, इनटेकमधील दाब, क्रँकशाफ्टची गती, धुरातील ऑक्सिजन या सर्व गोष्टी त्याला सेन्सरकडून विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टच्या, रूपात कळतात आणि तो त्यांवर विश्वास ठेवून निर्णय घेतो.

खानदेशापुरता पाहता हा बदल एका फटक्यात झाला नाही. ‘भारत स्टेज’, म्हणजे बीएस, या नावाने पुढे आलेल्या मानकांपैकी बीएस ४ मानके एप्रिल २०१० मध्ये ज्या तेरा शहरांत लागू झाली त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर आणि सुरत ही शहरे होती. जळगाव आणि धुळे नव्हती, त्यांच्यासाठी १ एप्रिल २०१७ उजाडावा लागला. म्हणजे ज्या महामार्गाच्या एका टोकाला सुरत आहे, त्याच महामार्गावरील धुळ्यात आणि जळगावात बीएस ३ गाडी आणखी सात वर्षे कायदेशीरपणे विकली जात होती. हा फरक केवळ धुराचा नव्हता. गाडीने स्वतःचे दोष ओळखून ते साठवावेत आणि ठरावीक सोळा पिनांच्या कपलरमधून सांगावेत, या ओबीडी नावाच्या व्यवस्थेचे बंधन बीएस ४ बरोबर आले. मारुती ८०० बीएस ४ मानकांपर्यंत नेलीच गेली नाही. २०१० मध्ये त्या तेरा शहरांतून ती मागे घेतली गेली, पण इतरत्र तिची विक्री चालू राहिली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. परिणामी एमएच १८ आणि एमएच १९ क्रमांकांच्या गाड्यांत एकाच वयाच्या, पण निदानाच्या दृष्टीने अगदी वेगळ्या पिढ्यांच्या मोटारी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या.

ओबीडी नसलेल्या पहिल्या पिढीच्या एमपीएफआय गाडीत स्कॅनर लावण्याची सोय नेहमीच नसे. जुन्या मारुती गाड्यांपैकी काहींत निदान-कपलरच्या दोन पिना तारेने जोडल्या की ‘चेक इंजिन’चा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असे, एकदा लुकलुकून थांबला आणि मग दोनदा लुकलुकला तर तो १२ हा आकडा, म्हणजे दोष नाही. पण ही पद्धत माहीत असणे आणि माहितीपुस्तक हाताशी असणे या गोष्टी बहुतांशी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपपुरत्या होत्या. रस्त्याकडेच्या गॅरेजसमोर प्रश्न होता तो मल्टिमीटरचा. ओम, व्होल्ट आणि सर्किट अखंड आहे की नाही हे मोजणारे हे स्वस्त साधन वायरमनच्या खिशात होते, मोटार मेकॅनिकच्या नव्हते. आणि या काळातील निदानाची सर्वांत मोठी उणीव हीच होती.

पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवरून ही उणीव स्पष्ट होते. या सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढले की घटतो. सर्वसाधारणपणे २० अंश सेल्सिअसला तो अडीच हजार ओमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो, गाडीगणिक थोडा फरक पडतो. आता सेन्सर चांगला आहे, परंतु त्याच्या कपलरच्या पिनेवर हिरवट गंज चढला असून त्या गंजाने दोन हजार ओमचा रोध वाढविला आहे, अशी कल्पना करावी. गरम इंजिनाचे तीनशे ओम ईसीएमला तेवीसशे भासतात आणि इंजिन सकाळच्या हवेइतके थंड आहे असे समजून तो पेट्रोल वाढवून देतो. गाडी काळा धूर टाकते, ॲव्हरेज पडते, प्लग काजळतात, पण दिवा लागत नाही. कारण वीस-बावीस अंश हे तापमान अशक्य नाही आणि ईसीएम मुख्यतः अशक्य वाटणाऱ्या आकड्यालाच दोष मानतो. त्यातच अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरील काट्याचा सेन्सर वेगळा असल्यामुळे काटा बरोबर जागी असतो आणि संशय भलतीकडे जातो. इंजेक्टर साफ होतात, प्लग बदलले जातात, पेट्रोलच्या भेसळीला बोल लावला जातो. मीटरने सेन्सरचा रोध थेट सेन्सरवर एकदा आणि ईसीएमकडील टोकाला एकदा मोजला असता, तर दोन आकड्यांतील तफावतीने खरा दोषी काही मिनिटांत सापडला असता.

खानदेशच्या उन्हाने या गुंत्यात आणखी भर घातली. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढताना बॉनेटखालचे तापमान त्याहून कितीतरी वाढते. कार्बोरेटरच्या काळात अशा वेळी गाडी बंद पडली तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली, हे निदान बहुधा खरे असे आणि पंपावर ओले फडके ठेवून थोडा वेळ थांबणे हा उपाय लागू पडत असे. एमपीएफआय गाडीत पंप सहसा टाकीत बुडालेला आणि पेट्रोल दाबाखाली असल्याने वाफेचा दोष क्वचितच होतो; तेथे हेच लक्षण बहुधा क्रँक सेन्सरचे असते. क्रँकशाफ्टची गती आणि स्थिती सांगणाऱ्या या सेन्सरच्या अनेक प्रकारांत लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे वेटोळे असते. वयोमानाने त्यात पडलेली सूक्ष्म चीर उष्णतेने उघडते, संकेत थांबतो, इंजिन फिरतच नाही असे ईसीएम समजतो आणि स्पार्क व पेट्रोल दोन्ही तोडतो. अर्ध्या तासाने वेटोळे थंड होऊन चीर मिटते आणि गाडी चालू होते. ओल्या फडक्याचा उपाय येथेही लागू पडल्यासारखा दिसे; वस्तुतः थांबल्यामुळे सेन्सर निवत असे. जुन्या अनुभवाने दिलेला चुकीचा निर्णय असा अनुभवानेच पक्का होत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये थंड सेन्सर मोजला तर आकडा बिनचूक येतो. तो गाडी बंद पडल्या क्षणी, गरम असतानाच मोजावा लागतो.

काळ्या मातीची बारीक धूळ, गोदामाजवळ उभ्या गाड्यांच्या वायरिंगवर उंदरांचे दात आणि सैल आर्थिंग हे या भागातील इतर नेहमीचे दोष होत. आर्थिंग म्हणजे इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा परतीचा मार्ग. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना या दोन ठिकाणांमधील फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला की सर्व सेन्सर थोडेथोडे खोटे बोलू लागतात आणि एकाच वेळी तीन-चार असंबद्ध कोड येतात. अशा वेळी एकही सेन्सर न बदलता केवळ आर्थिंगची पट्टी घासून पुन्हा आवळली तरी गाडी सुधारते.

२०१० नंतरच्या दशकात मोबाइलला ब्लूटूथने जोडले जाणारे स्वस्त स्कॅनर सर्वत्र मिळू लागले आणि ओबीडी असलेल्या गाड्या हळूहळू जुन्या होऊन त्याच गॅरेजमध्ये येऊ लागल्या. त्यामुळे निदान सोपे झाले, असे सरसकट म्हणता येत नाही. पी०११८ हा कोड तापमान-सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज मर्यादेबाहेर वाढल्याचे सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर, दोन तारा, कपलर आणि ईसीएम एवढे सगळे येते. मात्र पडद्यावर सेन्सरचे नाव दिसताच सेन्सर बदलण्याची प्रथा पडली. ऑक्सिजन सेन्सरच्या बाबतीत याचा सर्वाधिक भुर्दंड मालकांना बसला. निरोगी सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्या दरम्यान सतत वरखाली होते. ते खालीच खिळले असेल तर सेन्सर मेला आहे असे नव्हे, सायलेन्सरच्या जोडात गळती असल्यानेही किंवा गॅसकिटचे ट्युनिंग चुकलेले असल्यानेही तसे होते. पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस २ पूर्वीच्या गाड्यांना ३ टक्के आणि बीएस ४ गाड्यांना ०.३ टक्के असल्यामुळे या सेन्सरकडे दुर्लक्ष करणेही परवडत नाही.

या पंचवीस वर्षांत खानदेशातील मेकॅनिकने कानावरून थेट स्कॅनरवर उडी घेतली आणि मधली मीटरची पायरी गाळली, हाच या मागोव्याचा निष्कर्ष आहे. प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणाऱ्या उस्तादाकडे कारणापर्यंत जाण्याची शिस्त होती. त्याला ओमचा नियम शिकविणारे कोणी भेटले नाही, एवढेच. जळगाव आणि धुळ्याच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटार मेकॅनिकच्या हाती पान्यांच्या संचाबरोबर मल्टिमीटर आणि निदान एका जुन्या गाडीचा वायरिंगचा नकाशा असला पाहिजे, आणि नवा सेन्सर बसविण्याची परवानगी देण्यापूर्वी जुन्या सेन्सरचे व त्याच्या वायरिंगचे मोजलेले आकडे मालकाने मेकॅनिककडून बिलावर लिहून मागावेत.