चिकूच्या चोथ्यापासून प्लॅस्टिक

पालघरहून रेल्वेने उत्तरेकडे निघाले म्हणजे बोईसर, वाणगाव, डहाणू रोड आणि घोलवड ही स्थानके क्रमाने लागतात. बोईसरला लागून तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, वाणगावच्या आसपास मिरचीची शेते आहेत, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कारखाना, भाजीपाला व फळबाग इतकी शेजारी नांदत असल्यामुळे, अन्नप्रक्रियेतील टाकाऊ मालापासून सूक्ष्मजंतूंकरवी कुजणारे प्लॅस्टिक बनविण्याची विद्या या भागाला कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ही विद्या वाटते तितकी नवी नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेमॉइन यांना १९२६ च्या सुमारास एका जंतूच्या पेशीत हा पदार्थ आढळला. सुगीच्या दिवसांत शेतकरी कणगी भरून ठेवतो, तसाच हा प्रकार होय. जंतूला कर्ब विपुल मिळाला, पण नत्र अथवा स्फुरद अपुरे पडले, की त्याची वाढ खुंटते आणि शिल्लक साखरेचे रूपांतर करून तो बारीक कणांचा साठा पेशीत करतो. चांगल्या जातीच्या जंतूत हा साठा कोरड्या वजनाच्या शेकडा ८० भागांपर्यंत जातो. हे कण वेगळे काढून वितळविले म्हणजे साच्यात ओतता येणारे प्लॅस्टिक मिळते. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट असे जीभ अडखळविणारे आहे. जंतुप्लॅस्टिक म्हटल्याने काम भागते. १९९० मध्ये जर्मनीत या जातीच्या प्लॅस्टिकची शाम्पूची बाटली विक्रीस आली होती. तथापि खनिज तेलापासून होणाऱ्या प्लॅस्टिकशी किमतीत टिकाव धरणे त्याला जमले नाही, आणि आजही खरी अडचण तीच आहे.

या अडचणीचे मूळ हिशेब मांडल्यावर दिसते. एक किलो जंतुप्लॅस्टिकला सुमारे तीन किलो साखर लागते. पिकलेल्या चिकूच्या गरात शेकडा १५ भाग साखर धरली, तर १०० किलो गरातून १५ किलो साखर व तीपासून फार तर ५ किलो प्लॅस्टिक मिळावे. त्यासाठी गर तापवून त्यातील इतर जंतू मारणे, टाकीत सतत हवा खेळविणे आणि शेवटी पेशी फोडून कण काढणे, हा सर्व खर्च वेगळाच. कच्च्या चिकूतील चीक व टॅनिन जंतूंच्या वाढीस बाधक ठरतात, म्हणून कच्ची फळे निवडून काढणेही आले. तळणाच्या वापरलेल्या तेलाचा उतारा साखरेहून बराच अधिक पडतो. फरसाणाच्या कारखान्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र गुरांच्या तोंडचा कोंडा वा माणसाच्या ताटातली कणी या कामी लावणे शहाणपणाचे नव्हे.

टाकाऊ माल स्वस्त असतो खरा, पण तो एका जागी, ताजा व निर्भेळ मिळाला तरच. फळप्रक्रियेच्या कारखान्यातील साली, चोथा आणि धुण्याचे गोड पाणी एकदा रंगांच्या व रसायनांच्या सांडपाण्यात मिसळले, की जंतूंचे खाद्य म्हणून त्याची किंमत शून्य होते. उलट ते शुद्ध करण्याचा बोजा मात्र वाढतो. बोईसर-तारापूरसारख्या मिश्र वसाहतीत अन्नउद्योगाची नाली आरंभापासून निराळी ठेवणे हे म्हणूनच यंत्रसामग्री आणण्याच्या आधीचे काम आहे. फळ थोडे आंबले तरी सर्वस्व गेले असे नाही. आंबवणीत होणारी सेंद्रिय आम्लेही काही जंतू आवडीने खातात. जेथे माल थोडा व विखुरलेला आहे तेथे मात्र कंपोस्टचा खड्डाच बरा.

महाराष्ट्रात या दिशेने एक पाऊल पडले आहे. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जैविक प्लॅस्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र उघडले. तेथील प्लॅस्टिक पॉलिलॅक्टिक आम्लाचे, म्हणजे निराळ्या जातीचे आहे. यात जंतू केवळ लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्याची साखळी पुढे रासायनिक क्रियेने जोडली जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. जंतुप्लॅस्टिक ओलसर, उबदार मातीत तेथील जंतूंकडून खाल्ले जाते. पॉलिलॅक्टिक आम्लाला मात्र सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेचा मोठा कंपोस्ट ढीग लागतो, आणि शेतातल्या मातीत ते दीर्घकाळ तसेच पडून राहते.

मिरचीच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरणाऱ्या बागायतदारांचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. पीक निघाल्यावर साध्या पेपरच्या चिंध्या नांगराखाली जातात व वर्षानुवर्षे जमिनीत राहतात. बाजारात 'कुजणारा' म्हणून जो माल येतो, त्यातील काही नुसता भुगा होणारा असतो. भुगा डोळ्यांआड जातो, जमिनीतून जात नाही. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते पाहिल्यावाचून जादा पैसे मोजू नयेत. प्रमाणपत्र असले तरी, ते कंपोस्टच्या ढिगापुरते आहे की शेतातील मातीसाठीही आहे, हे विचारून घ्यावे.

ज्यांना स्वतः खात्री करून घ्यावयाची असेल, त्यांनी पेपरचे वीतभर तुकडे कापून त्यांचे वजन करावे, बारीक जाळीच्या पिशव्यांत घालून पावसाळ्याच्या तोंडी वाफ्यात चार-सहा बोटे खोल पुरावेत व जागेवर खुंटी मारून ठेवावी. दरमहा एक पिशवी काढून तुकडा हलक्या हाताने धुवावा, सावलीत वाळवून पुन्हा तोलावा आणि वजन तारखेसह टिपून ठेवावे. शेजारी साध्या पेपरचा तुकडाही पुरला असल्यास फरक तेथल्या तेथे कळतो.