राजरस्त्यावरील शर्यती – लेखांक पाचवा : तीन गावांचा त्रिकोण

पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली १९०३ सालची शर्यत फ्रेंच सरकारने बोर्दो येथे हुकूम काढून कशी थांबविली, ही हकीकत गेल्या लेखांकात आली आहे. एका शहरातून दुसऱ्या शहराकडे मोकळ्या रस्त्याने मोटारी पिटाळण्याचा प्रकार त्या दिवसापासून मागे पडला. परंतु शौक मागे पडला नाही. शेकडो मैलांच्या रस्त्यावर पहारा ठेवणे जर कोणत्याही सरकारास शक्य नसेल, तर फिरून आपल्याच उगमाशी येणारा एखादा आटोपशीर रस्ता एका दिवसापुरता वाहतुकीस बंद करावा आणि त्यावरच गाड्यांनी पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा घालाव्यात, अशी तोड निघाली. १९०६ साली ल मान्स शहराजवळ भरलेली पहिली ‘ग्रां प्री’ अशाच त्रिकोणी मार्गावर झाली. तिची एक फेरी सुमारे १०३ किलोमीटरांची होती, म्हणजे ‘आटोपशीर’ या शब्दाची व्याप्ती त्या काळी किती उदार होती हे ध्यानात येईल.

हे मार्ग बहुधा त्रिकोणी का असत, हे विंचूरच्या वाचकांस नकाशावाचूनही कळण्याजोगे आहे. विंचूरहून पश्चिमेस निफाड, तेथून रेल्वेच्या अंगाने लासलगाव, आणि लासलगावाहून कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढीत पुन्हा विंचूर, असा फेरा आपल्यापैकी अनेकांनी बाजारहाटाच्या निमित्ताने केलेला आहे. हाच फेरा एका रविवारी बंद करून, वाटेतील घरे, विहिरींचे कठडे, बाभळी आणि विजेचे खांब जागच्या जागी ठेवून, त्यावरून ताशी अडीचशे किलोमीटरांच्या वेगाने पंधरा गाड्या सोडल्या आहेत अशी कल्पना करावी. म्हणजे बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ येथील जुन्या मार्गाचे यथातथ्य चित्र डोळ्यांपुढे उभे राहील.

फ्रँकोरशाँ, माल्मेदी आणि स्तावेलो या तीन गावांना जोडणाऱ्या सरकारी रस्त्यांवर शर्यतीचा मार्ग आखण्याची तजवीज १९२० साली झाली, आणि तिच्या प्रवर्तकांत लिएज शहरातील एका वृत्तपत्राचे मालक ज्यूल द तिएर हे प्रमुख होते. पुढल्याच वर्षी मोटारींची शर्यत योजिली गेली, पण प्रवेशपत्र एकट्याचेच आल्यामुळे ती रद्द करून मोटारसायकलींवर वेळ निभावून न्यावी लागली. हा मुलूखही मोठा विलक्षण होता. माल्मेदी हे पहिल्या महायुद्धापर्यंत प्रशियाच्या अमलाखाली होते आणि स्तावेलो बेल्जियमच्या. ओ रूज नावाचा एक किरकोळ ओहोळ ही त्या दोन राज्यांची सरहद्द. व्हर्सायच्या तहानंतर माल्मेदी बेल्जियमकडे आले, सरहद्द पूर्वेकडे सरकली आणि ओहोळापलीकडचा जकातनाका ओस पडला. तरी शर्यतीच्या गाड्या त्या जुन्या नाक्यापर्यंत जाऊन तीव्र वळण घेत असत. १९३९ साली हा वळसा काढून टाकून ओहोळावरून थेट टेकडीवर चढणारा रस्ता बांधण्यात आला. आजचे प्रेक्षक ज्या चढावर माना उंच करून पाहतात तो हाच. एका बंद पडलेल्या जकातनाक्याला फाटा देण्याच्या खटपटीतून तो निर्माण झाला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

सुमारे १४ किलोमीटरांच्या या फेऱ्यात खरोखर मंद अशी वळणे बोटांवर मोजण्याइतकीच होती. बाकीचा रस्ता सरळ किंवा नुसताच कललेला, आणि त्यातही मास्ता येथील सरळ पट्ट्याच्या मध्यभागी, घरांच्या भिंतींमधून जाणारे एक डावे-उजवे वळण असे की गाडी तेथे पूर्ण वेगात पोहोचलेली असे. त्यात आर्देनच्या डोंगराळ प्रदेशातील पाऊस: विंचुरात कोरडे ठणठणीत आणि लासलगावात धो धो, हा अनुभव आपल्याला वळवाच्या दिवसांत येतो, तो तेथे भर उन्हाळ्यातही नित्याचा आहे.

१२ जून १९६६ रोजी येथे भरलेल्या बेल्जियन ग्रां प्रीत नेमके हेच घडले. निशाण पडले तेव्हा रस्ता कोरडा होता. पंधरा गाड्या कोरड्या रस्त्याच्या भरवशावर टेकडी चढून गेल्या आणि पहिल्याच फेरीत ब्युर्नेनव्हिलच्या लांबलचक वळणावर मुसळधार पावसाच्या पडद्यात शिरल्या. चार गाड्या तेथेच घसरल्या. त्यांपैकी यो बॉनिए याची गाडी कठड्यावर चढून अर्धी अधांतरी लोंबकळत राहिली. पुढे मास्ताजवळ ग्रॅहम हिल, बॉब बॉन्डुरान्ट आणि जॅकी स्ट्युअर्ट हे तिघेही बी.आर.एम. बनावटीच्या गाड्यांचे चालक एकापाठोपाठ एक रस्ता सोडून गेले. जिम क्लार्कच्या गाडीचे इंजिन तर आरंभीच निकामी झाले होते. सारांश, दुसऱ्या फेरीस सातच गाड्या उरल्या. शेवटी अठ्ठावीस फेऱ्यांनंतर, योखेन रिंट याने बराच वेळ राखलेली आघाडी मोडून, फेरारीचा जॉन सर्टीझ विजयी झाला. आणि इतक्या कसबी विजयानंतर थोड्याच दिवसांत त्याने फेरारी सोडली, हे त्या कारखान्यातील दरबारी राजकारणाचे प्रकरण स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

परंतु मला त्या दिवसाची खरी कथा विजेत्याची वाटत नाही, ती स्ट्युअर्टची वाटते. त्याची गाडी एका शेतघराच्या आवारात जाऊन चेंगरली, सुकाणूच्या चाकाखाली त्याचा पाय अडकला आणि फुटलेल्या टाकीतील पेट्रोल त्याच्या अंगावर साचू लागले. एक ठिणगी पुरली असती. त्याला सोडविण्यास ना कोणी अधिकारी आला ना पथक; आले ते त्याच शर्यतीतील दोन अपघातग्रस्त प्रतिस्पर्धी, हिल आणि बॉन्डुरान्ट, आणि सुकाणू काढण्यासाठी लागणारा पाना त्यांना एका प्रेक्षकाकडून उसना घ्यावा लागला. सुमारे पंचवीस मिनिटे तो मनुष्य पेट्रोलात बसून होता. पुढे त्याला रुग्णालयात नेणारी गाडी वाट चुकली! रस्ता बंद करण्याचा हुकूम निघाला होता, तिकिटांची व्यवस्था चोख होती, निशाणे आणि वाद्ये होती. ज्यांच्या जिवावर हा सोहळा चालला होता त्यांच्या प्राणरक्षणाचा बंदोबस्त तेवढा कोणाच्याच दिमतीस लावलेला नव्हता. धोका अटळ होता असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की एक पाना जवळ ठेवणे काय अशक्य होते? स्ट्युअर्टने मात्र पुढे स्वतःच्या गाडीत पाना चिकटवून ठेवण्याचा प्रघात पाडला.

त्यानंतर त्याने चालकांच्या संघटनेतर्फे कठडे, वैद्यकीय पथके आणि सुरक्षापट्टे यांसाठी जी चळवळ चालविली, तिला भित्रेपणाची उपाधी देणारे जुने खोंड थोडे नव्हते. त्यांना उत्तर द्यावयास क्लार्कचे उदाहरण पुरेसे आहे. १९६२ पासून १९६५ पर्यंत सलग चार वर्षे हीच शर्यत जिंकणारा हा अद्वितीय चालक या मार्गाविषयीचा आपला तिटकारा कधी लपवीत नसे. १९६० साली याच ठिकाणी एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि अ‍ॅलन स्टेसी या दोघा तरुणांचा अंत झालेला होता; पैकी स्टेसीच्या तोंडावर भर वेगात एक पक्षी आदळला होता. पक्ष्यावर कोणाचा अंमल चालत नाही हे मान्य. पण झाडाभोवती गवताच्या गासड्या रचणे माणसाच्या हातचे असते.

सुधारणांचा वाद न मिटल्यामुळे १९६९ ची शर्यत रद्द झाली. १९७० साली काही कठडे आणि एक कृत्रिम वळण घालून ती एकदाची पार पडली, तेव्हा पेद्रो रोद्रिगेझ याने ताशी सुमारे २४१ किलोमीटरांच्या सरासरीने ती जिंकली. त्यानंतर फॉर्म्युला वनच्या गाड्या त्या जुन्या त्रिकोणावर पुन्हा धावल्या नाहीत. १९७९ साली सुमारे सात किलोमीटरांचा नवा मार्ग तयार झाला, आणि मास्ताचा रस्ता माल्मेदी-स्तावेलोच्या रहदारीसाठी मोकळा झाला.

पुढील लेखांकात जी शर्यत येईल तिच्यासाठी कोणीही रस्ता बंद केला नव्हता. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीस जाण्यासाठी ९८ मोटारी निघाल्या. दिल्लीहून इंदूरमार्गे मुंबईचे बंदर गाठताना त्या आपल्याच जिल्ह्यातून, बैलगाड्या आणि मालमोटारी यांच्यामधून गेल्या.

(क्रमशः)