शितावरून काडतुसाची परीक्षा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. काडतुसांची परीक्षाही अशीच होते. तपासलेले काडतूस उडून संपते आणि न उडवलेल्या काडतुसांबद्दल आपण अनुमान करतो. हे अनुमान केव्हा खरे ठरते? वर्धा जिल्ह्यात, जिथे पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

पिस्तुलाच्या काडतुसात चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, आतली धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. दारू जळून तयार झालेले वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतात. पुंगळी मात्र शाबूत राहते. म्हणून काही देशांत नेमबाज ती घरी पुन्हा भरतात व चांदमारीच्या मैदानावर तपासतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत, तपासताही येत नाहीत.

वेग कसा मोजतात?

इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये एक सोपी युक्ती मांडली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतू द्यायची आणि ठोकळा किती झुलतो ते पाहायचे. समजा, ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने ४ किलोच्या ठोकळ्यात शिरली. संवेगाच्या अक्षय्यतेनुसार ठोकळ्याला सेकंदाला सुमारे ०.७ मीटर वेग मिळेल आणि तो सुमारे अडीच सेंटीमीटर वर चढेल. आज एकमेकांपासून ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक ठेवतात. अंतर १ मीटर असेल, तर ही गोळी ते सुमारे २.९ मिलिसेकंदांत पार करते.

आता पाच-पाच काडतुसांचे दोन काल्पनिक गट घेऊ. पहिल्याचे वेग ३४८, ३५१, ३५०, ३४९, ३५२; दुसऱ्याचे ३१०, ३९०, ३४५, ३७५, ३३०. दोन्हींची सरासरी ३५०च! पण पहिल्या गटातील सहाव्या काडतुसाबद्दल आपण बऱ्याच खात्रीने बोलू शकतो, दुसऱ्याबद्दल नाही. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. दारू जास्त पडली तर पहिल्याच वेळी दाब धोक्याची मर्यादा ओलांडू शकतो.

शिताची परीक्षा खरी ठरते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कारखान्यात एकाच दारूचा, एकाच रीतीने भरलेला गट म्हणजे हे भांडे. घरी हाताने भरलेले प्रत्येक काडतूस मात्र जणू वेगळ्या भांड्यातले शीत असते.

काळाची परीक्षा

एकदा झालेली परीक्षा कायमची पुरत नाही. धूरविरहित दारूतील नायट्रोसेल्युलोज साठवणीतही मंदपणे विघटित होते. त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे विघटन आणखी वाढवतात. ती शोषून घेण्यासाठी डायफिनिलअमाईनसारखे स्थिरक घालतात. उष्णतेत ते लवकर संपते. म्हणून साठ्यातले नमुने ठरावीक काळाने पुन्हा तपासावे लागतात आणि निकामी माल नष्ट करावा लागतो.

ही कामे किती जोखमीची आहेत, हे पुलगावने पाहिले आहे. ३१ मे २०१६ रोजी भांडारातील रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला लागलेल्या आगीत १९ जण दगावले. त्यांत आग विझवायला धावलेले जवान होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

वर्गात दारूची मुळीच गरज नाही. उतरत्या पन्हळीवरून एकच गोटी एकाच उंचीवरून दहा वेळा सोडा आणि ती जमिनीवर किती दूर जाते ते मोजा. मग वेगवेगळ्या आकाराच्या दहा गोट्या घ्या. दोन्ही वेळा सरासरीबरोबर सर्वात मोठ्या व सर्वात लहान अंतरातील फरकही लिहायला सांगा. अकरावी गोटी कुठे पडेल हे कोणत्या गटात अधिक खात्रीने सांगता येईल, याचे उत्तर मुलेच देतील.