आजाराची नोंद आणि पुराचे पाणी

ऊस लागणीची नोंद घेताना आमचे खाते गट नंबर, जात, लागण तारीख विचारते. त्यावरच तोडणीची पाळी ठरते, म्हणून आपणही ती नोंद चोख ठेवता. स्वतःच्या आजाराच्या नोंदीचे मात्र कोणी मनावर घेत नाही. ऑपरेशनचे कागद पिशवीत, पिशवी खुंटीला. २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठची घरेच पाण्यात गेली, तिथे पिशवीची काय कथा!

असाच पूर ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळामुळे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात आला. कित्येक दवाखान्यांतले कागद कुजून गेले. पण तेथील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी संगणकात होत्या. त्यांच्या टेपा ह्यूस्टनला नेऊन काही दिवसांतच यंत्रणा चालू केली. मग सैनिक कुठल्याही राज्यात पांगला तरी तिथल्या सैनिकी दवाखान्यात त्याची औषधे, रक्ततपासण्या डॉक्टरांसमोर हजर. साखरेच्या रोग्याला (आपल्या कारखान्याच्या नव्हे!) इन्शुलिन किती चालू होते, हे आठवत बसायला नको.

याच रुग्णालयांत औषध देण्याआधी रोग्याच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचे पाकीट यंत्राला दाखवतात. जुळले नाही तर यंत्र इशारा देते. ही कल्पना एका नर्सबाईंची. भाड्याची मोटार परत करताना गाडीवरचा बारकोड वाचताना त्यांनी पाहिला, तिथून सुचली. मला हे फार आवडले.

तथापि संगणक बसवला की काम फत्ते, असे समजू नये. त्याच खात्याने २०२० मध्ये स्पोकेन येथे नवी यंत्रणा आणली. तेव्हा डॉक्टरांच्या हजारो सूचना ठिकाण न जुळल्याने भलत्याच रांगेत पडून राहिल्या, डॉक्टरांना पत्ताच नाही. त्यात रोग्यांना इजाही झाली.

आपल्या देशात सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू आहे. त्यात १४ अंकी 'आभा' क्रमांक मोफत मिळतो. नोंद उपचार झाले तिथेच राहते, आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसते. मात्र दवाखाना या यंत्रणेला जोडलेला हवा, नुसता क्रमांक काढून भागत नाही. मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही सांगू नये. नाव, जन्मतारीख बरोबर आहे का पाहावे. बांधावर ८६०३२ उभा आणि नोंदीत २६५, असला घोळ इथे जिवावर बेततो.

जुन्या कागदांचे फोटो आभा ॲपमध्ये आपले आपल्यालाही ठेवता येतात. घरातल्या शिकल्या पोरांकडून हे काम पावसाळ्याआधी उरकून घ्यावे.