ओढ्यापलीकडचं गाव

आमच्या महिला मंडळाकडे मध्यंतरी एक तक्रार आली. वाटणीवरून दोन भावांचं बिनसलं, त्यांनी अंगणात मधोमध भिंत घातली. तिथवर ठीक होतं. पण बायकांनीही एकमेकींशी बोलायचं नाही, असा हुकूम निघाला. थोरली जाऊ मला म्हणाली, ‘‘ताई, भिंत राहू दे हो. पण बोलायची बंदी कशाला?’’

तिचं ऐकताना मला जर्मनीतलं एक गाव आठवलं. मैत्रिणींनो, बर्लिनची भिंत आपण शाळेत शिकलो. पण तशीच भिंत एका खेड्यातही होती, हे मला बी.ए.ला इतिहास घेऊनही ठाऊक नव्हतं.

गावाचं नाव म्योडलारॉइट. वस्ती जेमतेम पन्नासची. शेती, गाई-गुरं, एक तळं आणि मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. पावलं टाकत ओलांडावा एवढाच. १८१० साली राजेरजवाड्यांनी या ओढ्यावर हद्दीचे दगड रोवले. एक काठ बव्हेरियाचा, दुसरा रॉइस घराण्याच्या संस्थानाचा. पुढे तो थुरिंगिया प्रांतात गेला. पण गावाला त्याचं काय? शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या काठावर, तर चर्च बव्हेरियातल्या शेजारच्या ट्योपेन गावात. मुलं इकडून तिकडे शाळेत जात, रविवारी तिकडची माणसं इकडे प्रार्थनेला येत. सोयरीकही ओढा ओलांडूनच व्हायची.

दुसरं महायुद्ध संपलं आणि त्या जुन्या दगडांना धार आली. थुरिंगिया रशियाकडे गेलं, बव्हेरिया अमेरिकेकडे. १९४९ मध्ये जर्मनीचे दोन देश झाले, अन् ओढा झाला आंतरराष्ट्रीय सीमा! १९५२ साली पूर्व जर्मनीने सीमा बंद केली. गावात आधी लाकडी फळ्यांचं कुंपण आलं. सीमेलगतच्या गावांतून ‘भरवशाची नाहीत’ म्हणून आठ हजारांहून जास्त माणसं जबरदस्तीने हलवली गेली. सरकारी कागदांत त्या मोहिमेचं एक नाव होतं ‘किडे’. माणसांना किडे म्हणायचं!

१९६६ मध्ये काँक्रीटची भिंत आली. सातशे मीटर लांब, तीन मीटरहून उंच. रात्री दिव्यांचा लखलखाट, पहाऱ्याला बंदूकधारी शिपाई. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटं बर्लिन’ म्हणू लागले.

पण मला भिंतीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचली. पूर्वेच्या माणसांना पलीकडे बघून हात हलवायचीही मनाई होती. पश्चिमेचा शेजारी हात हलवायचा आणि पूर्वेच्या माणसाने मान खाली घालून निघून जायचं. ते आपल्याला विसरले, असं वाटलं असेल का हो कुणाला? आपल्याकडे माहेरचं माणूस नुसतं एसटीच्या खिडकीतून दिसलं तरी डोळे भरून येतात.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटला मात्र आणखी महिनाभर थांबावं लागलं. ९ डिसेंबरला भिंतीत वाट झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये बुलडोझर आला. आठवण म्हणून भिंतीचा थोडा भाग राखून ठेवलाय, तिथे आता संग्रहालय आहे. पन्नास माणसांच्या गावात लांबलांबून पाहुणे येतात.

आणि गंमत म्हणजे गाव कागदोपत्री अजूनही दोनच आहे. दोन राज्यं, दोन महापौर, दोन पिनकोड. एका काठावर ‘ग्रुस गॉट’ म्हणून रामराम घालतात, दुसऱ्या काठावर ‘गुटेन टाग’ म्हणतात. हद्द आहे, पण ओलांडायची भीती नाही. राजांच्या काळातही असंच तर होतं! हद्दीने गाव तुटलं नव्हतं, ते बंदीने तुटलं.

परवा त्या घरी गेले तेव्हा ही गोष्ट सांगितली. थोरले काही बोलले नाहीत, चहाचा कप खाली ठेवून बसून राहिले. दाराआडून थोरलीने हळूच विचारलं, ‘‘मग ती माणसं भेटली का हो एकमेकांना?’’

‘‘भेटली,’’ मी म्हटलं, ‘‘पण सदतीस वर्षांनी. तोवर एक पिढी म्हातारी झाली होती.’’