विश्लेषण : १०० रुपये कमावण्यासाठी रेल्वे नेमके किती खर्च करते?

२०१७-१८ मध्ये रेल्वेने १०० रुपये कमावण्यासाठी ९८.४४ रुपये खर्च केले, असे हिशेब सांगत होता. मागच्या दहा वर्षांतील ही सर्वांत वाईट कामगिरी होती. पण डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात ‘कॅग’ने म्हटले की, एका विशिष्ट जमेशिवाय हाच आकडा १०२.६६ रुपये झाला असता. म्हणजे कमाईपेक्षा खर्च जास्त.

फरक कुठून आला?

एनटीपीसी आणि इरकॉन या दोन सरकारी कंपन्यांकडून रेल्वेने आगाऊ रक्कम घेतली होती. सरकारी हिशेब रोखीवर चालतात; पैसा ज्या वर्षी आला, त्या वर्षीची जमा. त्यामुळे नियम मोडला, असे म्हणता येत नाही. पण घरमालकाने भाडेकरूकडून पुढच्या वर्षाचे भाडे आजच घेऊन ‘यंदा कमाई वाढली’ म्हणावे, तसाच हा प्रकार. कागदावर १,६६५.६१ कोटींची शिल्लक दिसली. ही रक्कम वगळली तर ५,६७६.२९ कोटींची तूट होती.

संसदेला कळते कधी?

खरी अडचण इथे आहे. अहवाल येईपर्यंत २०१८-१९ चे हिशेबही बंद झाले होते. त्याही वर्षी आगाऊ मालभाडे घेतले गेले, यावेळी एनटीपीसी आणि कॉनकॉरकडून. दाखवलेले प्रमाण ९७.२९ टक्के, कॅगच्या मते १०१.७७. २०१९-२० मध्ये मुद्दा बदलला. दाखवलेले प्रमाण ९८.३६ टक्के होते. निवृत्तिवेतनावरचा प्रत्यक्ष खर्च धरला असता, तर ते ११४.३५ टक्क्यांवर गेले असते.

प्रवाशाला याचे काय?

शिल्लक उरली, तरच रेल्वे स्वतःच्या पैशातून सुरक्षेसाठी रक्कम बाजूला काढू शकते. २०१७-१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोषात तिने दरवर्षी ५ हजार कोटी टाकायचे ठरले होते. चार वर्षांत २० हजार कोटी अपेक्षित असताना १५,७७५ कोटी कमी पडले, असे कॅगच्याच २०२२ च्या अहवालात आहे. जुने रूळ बदलण्यासारखी कामे याच कोषातून होतात.

मग जाब कोण विचारतो?

कॅगचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात. तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते, पण ती सगळेच मुद्दे तपासत नाही. उरलेल्यांवर मंत्रालय लेखी कार्यवाही टिपण देते. शिफारशीही सरकारवर बंधनकारक नसतात.

१९२४ पासून वेगळा असलेला रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. पूर्वी रेल्वेमंत्र्यांना भाषणात हे प्रमाण सभागृहासमोर सांगावे लागे. आता ते अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांतून शोधून काढावे लागते.