साहाय्याचें श्रेय मोजावें कसें?

बास्केटबॉलच्या मैदानावरील एक साधा प्रसंग श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. एक गडी चेंडू घेऊन पुढें सरसावतो, प्रतिपक्षाच्या दोघांना आपल्याकडे ओढतो आणि मोकळ्या झालेल्या सोबत्याकडे चेंडू देतो. सोबती क्षणाचाही विलंब न लावतां तो टोपलींत टाकतो. गुण चढतात ते टाकणाराच्या नांवावर. मग अर्धें काम ज्यानें केलें त्याचें काय? त्याच्या वांट्याला जें श्रेय नोंदलें जातें त्यास ‘असिस्ट’, म्हणजे साहाय्य, असें नांव आहे. चेंडू टोपलींतून गेला कीं नाहीं हें सर्वांस दिसतें. परंतु तो जाण्यास कोण कारण झाला हें ठरविणें न्यायदानाचें काम आहे. गड्यांचें वेतन आणि बहुमान पुष्कळ अंशीं अशाच आंकड्यांवर ठरतात. म्हणून तें काम नीट झालें पाहिजे.

हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें फळांच्या टोपल्या टांगून सुरू केला. पुढें एन. बी. ए. या नांवानें प्रसिद्धीस आलेली तेथील धंदेवाईक संघांची संघटना १९४६ मध्यें निघाली आणि पहिल्याच हंगामापासून तिनें साहाय्याची नोंद ठेवली.

त्या संघटनेचा नियम असा कीं, दिलेला चेंडू टोपली होण्यास प्रत्यक्ष कारण झाला असेल तरच साहाय्य मानावें. चेंडू मिळाल्यावर सोबत्यानें घुटमळून, प्रतिस्पर्ध्याला स्वतः हुलकावणी देऊन टोपली केली, तर ती त्याचीच कमाई होय. आतां यांत ‘प्रत्यक्ष’ किती आणि ‘घुटमळणें’ किती, हें शेवटीं गुणलेखकाच्या नजरेवर राहतें. शिवाय आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम निराळा आहे. चेंडू मिळालेल्या गड्यास टोपलींत टाकतांना धक्का बसला आणि मिळालेल्या मुक्त फेंकींपैकीं एक जरी यशस्वी झाली, तरी महासंघ देणारास साहाय्याचें श्रेय देतो, एन. बी. ए. तें देत नाहीं. कृति एकच, पण एका वहींत ती जमा होते, दुसरींत होत नाहीं. दोन वह्यांतील बेरजा शेजारीं मांडून गडी तोलणें म्हणजे शेर आणि किलो एकाच पारड्यांत घालण्यासारखें आहे.

याहूनही सूक्ष्म गोष्ट अशी कीं, साहाय्य देणाराच्या एकट्याच्या हातीं नसतें. उत्तम दिलेला चेंडू सोबत्याकडून हुकला, तर देणाराच्या खात्यावर कांहींच पडत नाहीं. १९४६-४७ च्या पहिल्या हंगामांत अर्नी कॅलव्हर्ली यानें सर्वांत अधिक, म्हणजे २०२ साहाय्यें केलीं. १९९०-९१ मध्यें जॉन स्टॉक्टन यानें १,१६४ केलीं. म्हणून दुसरा पहिल्याच्या जवळजवळ सहापट कुशल होता काय? तसें म्हणतां येत नाहीं. पहिल्या हंगामांत एका संघाचे सामने साठांच्या आसपास होते, पुढें ते ८२ झाले. पहिल्या हंगामांत शंभर फेंकींपैकीं तीसही टोपलींत पडत नसत. स्टॉक्टनच्या त्या हंगामांत सुमारें सत्तेचाळीस पडत. सोबत्यांचे हात सुधारले कीं साहाय्य वाढतें. यास्तव बेरजेपेक्षां संधीचें प्रमाण पाहावें. २०१३-१४ पासून एन. बी. ए. च्या सर्व मैदानांवर हालचाल टिपणारे कॅमेरे बसले. तेव्हांपासून हुकलेल्या फेंकीपूर्वीं चेंडू कोणीं दिला होता हेंही मोजतां येऊं लागलें. तसेंच साहाय्याशेजारीं गमावलेले चेंडूही लिहावे. एन. बी. ए. मध्यें ते गडीवार १९७७-७८ पासून नोंदले जातात. दात्याच्या दानाबरोबर त्याची उधळपट्टीही दिसली पाहिजे.

मग ज्या कृतींना रकानाच नव्हता त्यांचें काय? बोस्टनच्या बिल रसेल यानें १९५६ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदें मिळवून दिलीं. प्रतिपक्षाची फेंक हवेंतच अडविणें ही त्याची ख्याति. परंतु अशा अडवणुकीची व चेंडू हिरावण्याची अधिकृत मोजणी १९७३-७४ पासून सुरू झाली. रसेलच्या नांवापुढें त्या रकान्यांत शून्य नाहीं, कोरी जागा आहे. आणि शून्य व कोरी जागा यांतील भेद न कळणारा वाचक आंकडे वाचूनही फसतो. सोबत्याची वाट मोकळी करण्यासाठीं प्रतिस्पर्ध्याच्या आड निश्चल उभें राहणारा गडी असाच दीर्घकाळ उपेक्षित राहिला. त्याची नोंद एन. बी. ए. नें २०१६ पासून वेगळ्या रकान्यांत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. हेंच योग्य. नवें श्रेय जुन्या रकान्यांत मिसळूं नये. त्यास स्वतंत्र घर द्यावें, म्हणजे जुन्या आणि नव्या गड्यांची तुलना बिघडत नाहीं.

सारांश, नियम सामन्यापूर्वीं ठरलेला व सर्वांस ठाऊक असावा. लेखकानें तो यजमान आणि पाहुणे या दोहोंस सारखाच लावावा. बेरजेबरोबर संधि व चुका द्याव्या. आणि जें मोजलें नाहीं तें घडलेंच नाहीं असें कोणीं मानूं नये. जेथें केवळ टोपल्या मोजतात तेथें मुलें टोपलीकडेच धांवतात. देणाराचा हिशेबही सचोटीनें ठेवला, तर देण्याची संवय त्यांस मैदानावरच लागेल.